लाउडन वेनराइट यांना, बापलेकीच्या गाण्याबद्दल

आदरणीय लाउडन वेनराइट यांस,
सादर नमस्कार.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, अशी आमच्याकडे रीत आहे. माझे वडील गेल्यावर घरात सगळे त्यांच्या कष्टांबद्दल बोलत होते. ते खरंच होतं. पण त्यांचा हात उठायचा, आईशी महिनोन्महिने अबोला असायचा, हेही खरं होतं आणि ते बोलायला जागाच नव्हती. त्या दिवसांत तुमची, दूरच्या एका अमेरिकी गायक-गीतकाराची, गाणी भेटली.

आधी खूप हसले. मग 1992 सालचं ‘हिटिंग यू’ ऐकलं. गाडीत दंगा करणाऱ्या लहानग्या लेकीला तुम्ही जोरात मारलंत, आणि ते आता कधीच भरून निघणार नाही, असं सरळ गाता. असं म्हणणारा बाप मी पहिल्यांदा ऐकला.

त्याहून मोठं वाटलं ते 1995 च्या ‘ग्रोन मॅन’ या अल्बममधलं बापलेकीचं गाणं. बाबा, आमच्यावर गाणी करता, पण घरी कुठे असता, असं तुमची लेक मार्था विचारते. तिचे शब्द लिहिले तुम्ही आणि गाऊ दिले तिला. गाण्यातला माणूस मी नव्हेच, हे तुमचं उत्तर लंगडं आहे. तरी ते तसंच ठेवलंत, याबद्दल विशेष आभार.

पुढे ‘सर्व्हायव्हिंग ट्विन’ या एकपात्री प्रयोगात तुम्ही वडिलांनाही बोलू दिलंत. ‘लाइफ’ या नियतकालिकातले त्यांचे स्तंभ, त्यातला कुत्र्याच्या मरणावरचा तो लेखही, तुम्ही रंगमंचावर आपल्या गाण्यांशेजारी ठेवलात. ते पाहून मी बाबांची वसतिगृहात आलेली पत्रं काढली आणि भावाला मोठ्यानं वाचून दाखवली. आई ऐकत होती. मग तीच बोलायला लागली. अबोल्यात ‘बाबांना विचार, चहा टाकू का’ असे निरोप आम्हा पोरांकरवी जायचे, ते नकलेसकट सांगताना ती हसली आणि रडलीही. बाबांबद्दल ती इतकं मोकळेपणी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आईला इंग्रजी कळत नाही. बापलेकीच्या गाण्याचा अर्थ सांगितला तेव्हा तिनं विचारलं, “मग ती पोरगी बोलते ना आता त्याच्याशी?” 2012 च्या तुमच्या अल्बममध्ये मार्थासकट चारही मुलं गायली आहेत, असं मी तिला सांगितलं.

तुमची ऋणी,
एक श्रोती