मान खाली घालणारा मुलगा: न्यूझीलंडच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री, न्यूझीलंड सरकार यांस,

स.न.वि.वि.

मी दक्षिण ऑकलंडमध्ये गणित शिकवते. पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयात येईलच. मराठीत लिहितेय ते इथल्या शाळांत शिकवणाऱ्या आमच्या मंडळींसाठी, माझी चूक त्यांच्याही हातून होऊ शकते म्हणून.

नोकरीचा पहिला महिना. गृहपाठावरून एका सामोअन, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवरच्या कुटुंबातल्या, मुलाला रागावत होते. तो जमिनीकडे बघत उभा. "मी बोलतेय ना, माझ्याकडे बघ!" त्याची मान आणखी खाली. वहीत 'उद्धट' असा शेरा मारून मी मोकळी झाले. शेजारच्या वर्गावरच्या सामोअन बाईंनी नंतर समजावलं, "अगं, तो तुला मान देत होता." मोठं माणूस रागावत असताना नजर भिडवायची नाही, ही त्यांच्या घरची शिस्त. मी मूळची साताऱ्याची. "वर तोंड करून बोलू नकोस" ऐकतच वाढलेली. तरी कळलं नाही मला.

अशा चुका टाळायलाच तुमच्या मंत्रालयाने २०१८ मध्ये 'तापासा' ही पॅसिफिक बेटांवरच्या मुलांना समजून शिकवण्यासाठीची, शिक्षकांची मार्गदर्शक चौकट आणली. तापासा म्हणजे सामोअन भाषेत होकायंत्र. दस्तऐवज खरंच चांगला आहे. पण तो मला मिळाला ईमेलला जोडलेली फाइल म्हणून, आणि उघडला मी त्या शेऱ्यानंतर. वाचायला, सहकाऱ्यांशी बोलायला वेळापत्रकात एक तास नाही. मग उरतो भाषा सप्ताह: लावालावा (लुंगीसारखं वस्त्र) नेसायचा, सापासुई खायची, सोमवारी पुन्हा जैसे थे. शिवाय सामोआ, टोंगा, निउए, टोकेलाऊ ही सगळी 'पॅसिफिका' या एकाच खणात. आम्हाला आणि तमिळांना कुणी एकाच भाषेचं समजलं तर आम्ही किती चिडतो!

त्याच मुलाला मार्चमध्ये पॉलिफेस्टला पाहिलं. १९७६ साली ऑकलंडच्या ओटारा उपनगरात सुरू झालेला हा शाळांचा नाच-गाण्यांचा महोत्सव. आख्खा कार्यक्रम त्याला तोंडपाठ, एक पाऊल चुकलं नाही. माझ्या वर्गात मात्र त्याच्या नावापुढे 'लक्ष टिकत नाही'. तेव्हापासून मी चार-चार जणांचे गट करते, उत्तर गटाने द्यायचं. तो आता बोलतो. गटाच्या वतीने, पण बोलतो.

पालकसभेचंही तेच. दुपारी चार वाजता, माणशी दहा मिनिटं. आई तेव्हा सफाईच्या पाळीवर. वर शाळेकडून बोलावणं म्हणजे तक्रारच. सत्तरच्या दशकात व्हिसाची मुदत संपलेल्यांना शोधायला पहाटे पॅसिफिक कुटुंबांच्या दारावर पोलिसांची थाप पडायची, हे अनेक घरांत अजून बोललं जातं. त्याबद्दल १ ऑगस्ट २०२१ रोजी तेव्हाच्या पंतप्रधानांनी सामोअन रिवाजाप्रमाणे डोक्यावर चटई घेऊन माफी मागितली होती.

माझं मागणं लहान आहे. तापासासाठी आठवड्याला एक पगारी तास द्या. आणि सत्रातून एकदा पालकसभा रविवारी, प्रार्थनेनंतर, चर्चच्या सभागृहात घेऊ द्या. त्या दिवसाची बदली रजा शिक्षकांना मिळावी. तो शेरा मी खोडलाय, पण त्याच्या आईला अजून भेटायचंय.

कळावे,
आपली,
एक गणित शिक्षिका