मायक्रोवेव्ह आणि मुगाचे दाणे

विलेपार्ले (पूर्व), मुंबई

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

मायक्रोवेव्हमध्ये थोडे सेकंद ठेवलेले मूग लवकर उगवले आणि जास्त वेळ ठेवलेले जवळजवळ उगवलेच नाहीत, हे तू फोनवर सांगितलेस, आणि हा लहरींचा उष्णतेपलीकडचा, स्वतंत्र परिणाम मानावा का, असे विचारलेस. प्रकल्पाच्या वहीत तसे लिहिण्यापूर्वी त्या दाण्यांचे तापमान किती झाले होते, हे तुला सांगता आले पाहिजे, असे माझे मत आहे. ते का, हे सविस्तर लिहिते.

घरच्या ओव्हनमधील लहरींची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ असते आणि त्यांच्या एका फोटॉनची, म्हणजे लहरीतील ऊर्जेच्या सर्वांत लहान पुडक्याची, ऊर्जा सुमारे ०.००००१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (रेणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) भरते. नेहमीच्या हवामानात रेणूंची जी धक्काबुक्की चालू असते, तिचीच ऊर्जा ०.०२५ च्या आसपास असते, आणि कार्बन-कार्बन बंध तोडायला साडेतीन इलेक्ट्रॉन व्होल्ट तरी लागतात. तेव्हा क्ष-किरणांप्रमाणे या लहरी डीएनएचा धागा थेट तोडतील, हे संभवत नाही. पाण्यासारखे ध्रुवीय, म्हणजे एका टोकाला थोडा धन आणि दुसऱ्याला थोडा ऋण भार असलेले, रेणू बदलत्या विद्युतक्षेत्राबरोबर वळू पाहतात, मागे पडतात, शेजाऱ्यांवर आदळतात, आणि त्या घर्षणातून पदार्थ तापतो.

रसायनशास्त्रात हा वाद जुना आहे. १९८६ मध्ये कॅनडात गेडी यांच्या आणि अमेरिकेत गिगेर यांच्या गटाने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, साध्या घरगुती ओव्हनमध्ये सेंद्रिय अभिक्रिया करून दाखवल्या, आणि तासांचे काम मिनिटांत होताना पाहून यात काही अद्भुत शक्ती असावी, असे बऱ्याच जणांना वाटू लागले. पण हिशेब करून पाहा. इथेनॉल ७८ अंशांना उकळते. बंद नळीत ते १६० अंशांपर्यंत नेता येते. दर दहा अंशांना वेग दुप्पट होतो हा ढोबळ नियम धरला, तर ऐंशी अंशांत वेग २५६ पट होतो आणि आठ तासांची अभिक्रिया दोन मिनिटांत उरकते. यात गूढ काही नाही. पुढे ऑस्ट्रियातील ग्राझच्या रसायनशास्त्रज्ञ काप्पे यांच्या गटाने सिलिकॉन कार्बाइडच्या नळ्या वापरल्या. हा पदार्थ लहरी स्वतः शोषून तापतो, त्यामुळे आतल्या द्रावणाला उष्णता मिळते, लहरी जवळजवळ मिळत नाहीत. लहरी आत जाऊ देणाऱ्या काचेच्या नळीत तापमान तेवढेच ठेवले असता, त्यांनी तपासलेल्या बहुतेक अभिक्रियांत निष्पत्ती सारखीच आली. घन उत्प्रेरकांची (अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या घन पदार्थांची) गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तिथे एखादा कण भोवतालच्या द्रवापेक्षा बराच जास्त तापू शकतो. पण तीही शेवटी उष्णताच.

उष्णता सगळीकडे सारखी पोहोचत नाही, ही मात्र खरी अडचण आहे. काचेची थाळी न फिरवता उडदाचा पापड भाजून पाहा: एका ठिकाणी तो करपतो, बोटभर अंतरावर कच्चाच राहतो. आतल्या लहरी भिंतींवरून परावर्तित होऊन एकमेकींत मिसळतात आणि स्थिर लहर तयार होते. तरंगलांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर असल्याने तप्त जागा साधारण सहा-सहा सेंटिमीटरवर येतात. तुझे मूग वाटीत नेमके कुठे होते, यावर निकाल बदलू शकतो. शिवाय साध्या ओव्हनवरचे 'तीस टक्के' म्हणजे मंद आच नव्हे. मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी निर्माण करणारी नळी, पूर्ण ताकदीने थोडा वेळ चालतो आणि मग बंद राहतो. काही सेकंदांच्या प्रयोगात हा फरक मोठा आहे.

सजीवांबाबतही पहिली विचारणा, तापमान किती वाढले, हीच करावी लागते. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्या नसल्याने तिथली उष्णता वाहून जात नाही, आणि सशांवरील प्रयोगांत तीव्र लहरींमुळे मोतीबिंदू झालेले दिसले आहेत. आपल्या सोसायटीच्या सभेत गच्चीवरच्या मोबाइल टॉवरवरून दर वर्षी जुंपते, तिथे मात्र तीव्रतेचा विषय कोणी काढत नाही. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्ककारक' या गटात घातले, हे खरे आहे. मात्र तो गट पुरावा मर्यादित असल्याचे सांगतो, धोका किती ते सांगत नाही.

आता तुझ्या मुगांकडे येते. मुगात जे गणंग, म्हणजे भिजत घातले तरी न फुगणारे दाणे, असतात, त्यांचे टणक टरफल उष्णतेने सैल पडते आणि पाणी आत शिरते. थोडे सेकंद ठेवलेले दाणे लवकर उगवण्याचे कारण एवढेच असू शकेल. जास्त वेळात गर्भच भाजला जातो. म्हणून दाणे एकाच पिशवीतले घे, त्यांतील ओलावा आधी तपास, आणि बाहेर काढताक्षणी लहान थर्मासमध्ये ओतून तापमान नोंदव. धातूची तार असलेला तापमापक ओव्हनच्या आत नेऊ नकोस. प्रयोगशाळेत ऑप्टिकल फायबरचा मिळाला तर उत्तमच. त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळात, गरम हवेत तापवलेल्या दाण्यांचा दुसरा संच कर आणि न तापवलेल्यांचा तिसरा. दोन्ही तापवलेले संच सारखेच उगवले, तर तुझे उत्तर मिळाले. तरीही फरक उरला, तर आकडे मला पाठव; आधी तुझी वाटी कुठे ठेवली होती ते विचारीन, मग बाकीचे बोलू.

तुझी,
आई