परराष्ट्रमंत्री महोदय, हा धोका ठरवतो कोण?

मा. परराष्ट्रमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी इचलकरंजीचा सूत व्यापारी. २०११ साली सीरियात युद्ध पेटलं आणि अलेप्पोच्या पार्टीकडे माझं पेमेंट अडकलं. ते बुडालंच. गोदाम विकून बँक भागवली. २०२५ मध्ये अमेरिका-युरोपने निर्बंध उठवले, तसा त्या पार्टीचा मुलगा पुन्हा सूत मागू लागला. निम्मे पैसे आगाऊ द्यायला तयार. परवा विमा कंपनीचं पत्र आलं: एका खासगी गुप्तवार्ता संस्थेच्या अहवालानुसार जोखीम नामंजूर. अहवाल दाखवा म्हटलं, तर तो गोपनीय!

साहेब, असल्या संस्थांची जातकुळी तुम्हाला ठाऊक असणारच. टेक्ससमधल्या ऑस्टिनची स्ट्रॅटफॉर. जगाचं भविष्य विकणाऱ्या या कंपनीला स्वतःच्या गिऱ्हाइकांचे क्रेडिट कार्ड क्रमांक सांभाळता आले नाहीत. २०११ च्या अखेरीस हॅकर आत शिरले, आणि पुढच्या फेब्रुवारीपासून फुटलेली गुप्त कागदपत्रं छापणाऱ्या विकिलीक्सने पन्नास लाखांवर ईमेल बाहेर काढायला सुरुवात केली. त्यात डिसेंबर २०११ चा एक मेल आहे. कंपनीची विश्लेषक पेंटागॉनमधली, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्यातली, बैठक आटोपून कळवते: अधिकारी थेट बोलले नाहीत, पण विशेष दलांच्या तुकड्या सीरियात आधीच उतरलेल्या दिसतात, टेहळणी आणि बंडखोरांना प्रशिक्षण चालू आहे. हवाई कारवाई? एखाद्या हत्याकांडाचा माध्यमांत पुरेसा गाजावाजा झाला तर! आणि त्याच महिन्यात कंपनी उघडपणे सांगत होती की सीरियातल्या सरकारविरोधकांचे बरेच गंभीर दावे फुगवलेले किंवा खोटे आहेत. मेल फुटल्यावर खुलासा काय, तर काही खरे असतील, काही बनावट, कुठले ते सांगणार नाही.

युद्धाच्या पहिल्या दहा वर्षांत तीन लाखांवर सामान्य माणसं मेली. हिशेब संयुक्त राष्ट्रांचा. माझं गोदाम त्यात कुठे बसणार म्हणा.

बरं, सीरिया लांब आहे. भोपाळ तर आपलंच ना? वायुपीडितांसाठी भांडणाऱ्यांवर, युनियन कार्बाइड विकत घेतलेल्या डाऊ केमिकलसाठी पाळत ठेवणारी हीच स्ट्रॅटफॉर. तेही त्याच फुटलेल्या मेलच्या ढिगात आहे. दिल्लीत कुणाच्या कपाळाला आठी पडली? आम्ही एक जीएसटी रिटर्न उशिरा भरलं की लगेच नोटीस!

आमच्या करातून सरकार असले अहवाल विकत घेतं का, एवढं सांगा. आणि ज्या कागदावर माझा धंदा अडतो तो मला दाखवायला विमा कंपन्यांना भाग पाडा. हे खातं तुमचं नाही, अर्थखात्याकडे जा, असं उत्तर येईल. ते तेवढं पाठवू नका. माल पडून आहे, व्याज चालू आहे.

आपला,
एक करदाता, इचलकरंजी