दाराची पाचर

कराड

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन केला तेव्हा तुझा आवाज घुमत होता. ३४ वर्षं बांधकामावर सुपरवायझरी केल्यावर रिकाम्या खोलीतला आवाज फोनवरही कळतो. पावणेआठ वाजले होते. ‘बाबा, पार्टी आलीये, नंतर बोलते’ म्हणालीस आणि ठेवलास. तुझा फोन आला सव्वानऊला. तोवर आई आणि मी टीव्हीसमोर बसून होतो. टीव्ही बंद होता.

फ्लॅट दाखवायचं हे एजंटचं काम सोड असं मी म्हणणार नाही. तुला महारेराचा, म्हणजे एजंटच्या सरकारी नोंदणीचा नंबर मिळाला तेव्हा गल्लीत पेढे मीच वाटले. पण तो नंबर, तुझा फोटो, मोबाइल सगळं जाहिरातीत असतं. समोरच्याला तुझं सगळं ठाऊक, आणि तुझ्याकडे त्याचं काय? लीडमध्ये, म्हणजे चौकशीत आलेलं एक नाव आणि दहा आकडे.

लंडनच्या फुलममध्ये सूझी लॅम्पलू नावाची पंचवीस वर्षांची मुलगी हेच काम करायची. २८ जुलै १९८६ रोजी घर दाखवायला ऑफिसमधून निघाली. डायरीत वेळ पाऊण वाजताची, गिऱ्हाइकाचं नाव ‘मिस्टर किपर’, आणि घराचा पत्ता. भर दुपार गं, पावणेआठ नव्हे. त्या रात्री तिची गाडी दुसऱ्याच रस्त्यावर सापडली, पर्स आतच होती. ती आजपर्यंत सापडलेली नाही. तो किपर कोण, तेही कळलं नाही. तिच्या आईवडिलांनी त्याच वर्षी तिच्या नावाने संस्था काढली, एकट्याने काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी. त्या बापाचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

बिल्डरच्या साइटवर मला एवढी काळजी नाही. तिथे सेल्स ऑफिस असतं, पार्टीचं नाव-नंबर आधी नोंदवून घेतात, माणसं असतात. काळजी रीसेलच्या आणि भाड्याच्या रिकाम्या फ्लॅटची. तुमच्या पुण्याकडे पुनावळे, ताथवड्यात अर्ध्या खिडक्यांत अजून उजेड नाही. अकराव्या मजल्यावरून हाक मारली तर ऐकणार कोण? म्हणून पहिली भेट ऑफिसात. चहा पाज, ओळखपत्राचा फोटो घे. ‘मालकाने सांगितलंय’ म्हण, मालकावर ढकलायला काय जातं? खरं गिऱ्हाईक कुरकुरेल पण दाखवेल. जो उखडला, त्याचं ब्रोकरेज बुडालं तर बुडू दे. गेटवरच्या वहीत त्याच्या गाडीचा नंबर लिहायला लाव. आणि दिवस मावळल्यावर रिकामा फ्लॅट नाही. उजेडात घर छान दिसतं, एवढं कारण पार्टीला पुरतं.

फ्लॅटमध्ये पार्टी पुढे, तू मागे. बेडरूम त्यांना बघू दे, तू हॉलमधूनच सांग, दाराजवळ उभं राहून. बांधकाम चालू असेल तर मात्र उलट: तू पुढे, आणि तुझ्याही पुढे साइटचा माणूस. माल चढवायच्या लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही. जमिनीवर पडलेल्या प्लायवर तर कधीच नाही. माझ्या डाव्या पोटरीवरचा व्रण मोटारसायकलवरून पडून झाला असं तुला सांगत आलो, ते खोटं. चौथ्या मजल्यावर डक्टवर, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीवर, प्लाय टाकला होता, दोन पावसाळे भिजून पापड झालेला. पाय मांडीपर्यंत आत गेला. एका सळईत पोटरी अडकली, म्हणून आज पत्र लिहितोय. हे आईलाही माहीत नाही, तू सांगू नकोस.

निघताना व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठव. पंधरा मिनिटांचं नको, तासाचं. मला पाठव आणि ऑफिसातही कुणाला तरी पाठव. मी कराडहून पोचेपर्यंत अडीच-तीन तास जातील. अवघड वाटलं तर मला फोन करून एवढंच विचार, ‘बाबा, गॅसचं पुस्तक कपाटातच आहे ना?’ मी लगेच तुझ्या मालकाला आणि पोलिसांना फोन लावीन. त्याहून वाईट असेल तर माझी वाट बघू नकोस, थेट ११२. आणि कुणी अंगचटीला आला, घाणेरडं बोलला, तर ‘गिऱ्हाईक आहे’ म्हणून गिळायचं नाही. कामाच्या जागी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात कामासाठी जिथे जातेस ती जागाही कामाची जागाच धरतात. तुमचं ऑफिस दहा माणसांच्या आतलं. तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

कुरिअरने डबा पाठवतोय. चिवड्याखाली फडक्यात दोन लाकडी पाचरी आहेत. नाइट लॅचचं दार वाऱ्याने धाडकन लागतं, आणि कुणी मुद्दाम लावलं तरी ‘वाऱ्याने लागलं’ म्हणायला मोकळा. फ्लॅट उघडलास की आधी दार सताड उघडून खाली पाचर ठोकायची, मग लाइट, मग ‘या, बघा’. दुसऱ्याच्या कामात पाचर मारू नये म्हणतात, दाराखाली खुशाल मार. बाभळीच्या आहेत. पहिली केली ती आपल्या हॉलमधल्या टाइल्सवरून घसरत होती, म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवलंय. आईने दार ओढून बघितलं, हललं नाही. एक पर्समध्ये ठेव, एक गाडीच्या डिकीत.

डबा मिळाला की कळव. चिवड्यात शेंगदाणे कमी आहेत, ते मी खाल्ले.

तुझे,
बाबा