सा २४०चाच हवा असे नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विद्यार्थी पुरवणीतला ध्वनीवरचा लेख वाचला. सोबतच्या चौकटीत सा २४०, ग ३००, प ३६०, तार सा ४८० हर्ट्झ (सेकंदाला इतकी कंपने) असे आकडे आहेत. त्यांचे आपसातले नाते अगदी बरोबर आहे, पण ते नाते लेखात कुठेच उलगडून सांगितलेले नाही. मुले चौकट पाठ करणार आणि ‘सा म्हणजे २४०’ एवढेच डोक्यात राहणार.

मी मिरजेत पेट्या (हार्मोनियम) दुरुस्त करतो, सुरात लावून देतो. हल्ली पालक मोबाइलवर सूर मोजणारे ॲप घेऊन येतात आणि विचारतात, यात २४०चा सा कुठे आहे? तो कुठल्याच पट्टीवर नसतो. पांढरी सहा ४४० हर्ट्झला धरून लावलेल्या पेटीत काळी पाच (सप्तकातली पाचवी काळी पट्टी) २३३ला बोलते आणि शेजारची पांढरी सात २४७ला. २४० मधेच राहतो. म्हणून पेटी बिघडलेली नसते आणि मुलाचा गळाही बेसूर नसतो.

सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे धरायचा. पुरुष बहुधा काळी एकच्या आसपास गातात, म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपने. बायकांचा सा काळी चार-पाचच्या आसपास असतो. एकदा सा धरला की पुढचे सूर मात्र त्याच्याशी बांधलेले: सव्वापट ग, दीडपट प, दुप्पट तार सा. मागच्या पिढ्यांनी शाळेत सवायकी आणि दिडकी (सव्वा आणि दीडचे पाढे) घोकली, तीच इथे कानाने ऐकायची.

आता पेटीबद्दल, कारण ती माझी रोजीरोटी आहे आणि तिच्याबद्दल खरे बोलणे माझे कामच आहे. कुठल्याही पट्टीवरून गाता यावे म्हणून पेटीत सप्तकाचे (सा ते तार सा) बारा सारखे भाग पाडलेले असतात. प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीच्या १.०५९५ पट. पंचम (प) त्यात जवळजवळ जागेवर पडतो. गंधार (ग) पडत नाही. तो १.२५ ऐवजी १.२६ पट होतो, म्हणजे चढतो.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, तो ऐकायलाच हवा. पेटीतल्या सुराची पितळी जीभ टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. दोन सुरांत सेकंदाला एकाच कंपनाचा फरक उरला, तर ते एकदम वाजवल्यावर आवाज सेकंदातून एकदा फुगतो आणि ओसरतो. पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. ते डुलणे मंदावत मंदावत थांबेपर्यंत आम्ही घासत राहतो. आता काळी एकमध्ये लावलेला तंबोरा घ्या. जवारी (तार टेकते ती घोडी) चांगली उघडलेली असेल तर खर्जाच्या, म्हणजे सा च्या निम्म्या ६९.३ कंपनांच्या, तारेतून गंधार आपसूक ऐकू येतो, कारण तार आपल्या पाचपट कंपनांचा सूरही देत असते, आणि पाचपट म्हणजे चौपटीवरच्या सा ची सव्वापट. तो येतो ३४६.५ला. पेटीची पांढरी चार बोलते ३४९.२ला. दोन्ही एकदम ऐका: सेकंदाला पावणेतीन विस्पंद. गंधार नुसता थरथरतो. रोज पेटीवरच रियाज करणारी मुले हाच चढा ग गळ्यात बसवून घेतात, याचे मला फार वाईट वाटते.

हे मोजण्याचे मोठे काम आपल्याच भागात झाले आहे. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे स्वर तारेच्या लांबीवरून मोजले आणि १९१०मध्ये ते इंग्रजीत प्रसिद्ध केले. न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने श्रुतींची (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची) पेटीही घडवली गेली. पुढे अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी केली. तंबोऱ्याच्या जवारीवर सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये लिहिले. ध्वनीच्या धड्याला याहून जवळची उदाहरणे कोणती हवीत? पण विज्ञानाच्या तासाला संगीत नाही आणि संगीताच्या तासाला आकडे नाहीत, अशी आपल्या शाळांची वाटणी आहे.

माझी आपल्याला विनंती आहे की त्या चौकटीखाली पुढच्या अंकात एक ओळ छापावी: ‘सा उदाहरणादाखल २४० धरला आहे; दुसरा धरल्यास बाकीचे आकडे त्याच पटीत बदलतील.’ आणि विज्ञानाच्या शिक्षकांना सांगणे आहे की तंबोरा मिळाला नाही तर मोबाइलवरचा चालेल, पण तो सुरू ठेवून मुलांकडून आधी सा आणि मग ग म्हणवून घ्या. त्यानंतर पेटीचा ग वाजवा आणि दोन्हींत काय फरक वाटला ते मुलांनाच विचारा. आकडे फळ्यावर त्यानंतर लिहा.

आपला,
पेटी दुरुस्त करणारा एक वाचक, मिरज