घासलेल्या चावीची नक्कल नको, चावी कोडवरून कापून घ्या

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गाडी घेताना मायलेज, टायर, विमा यांची चौकशी सगळेच करतात. चावीची आठवण होते ती चावी अडायला लागल्यावर. मी चावी कापण्याच्या यंत्रावर काम करतो. या उशिरापायी लोकांचे विनाकारण नुकसान होताना रोज पाहतो, म्हणून हे पत्र.

डुप्लिकेट करून घ्यायला येणाऱ्या बहुतेकांच्या हातात रोज वापरून गुळगुळीत झालेली चावी असते. गाडीबरोबर मिळालेली दुसरी चावी कपाटात न वापरता पडलेली असते, पण ती आणायचे कोणाला सुचत नाही. ‘अगदी हिच्यासारखी करून द्या’ म्हणून घासलेलीच पुढे केली जाते. यंत्रही अगदी तिच्यासारखीच करून देते, आणि दुखणे सुरू होते ते तिथूनच.

नक्कल काढण्याच्या साध्या यंत्रात एका सरकत्या पाटावर दोन पकडी असतात. एकीत मूळ चावी बसते, दुसरीत कोरी चावी, म्हणजे ब्लँक. मूळ चावीसमोर एक बोथट गाईड असते, ब्लँकसमोर फिरते कटर. मूळ चावीची कड गाईडला टेकून पुढे सरकते तसा पाट मागे-पुढे होतो आणि कटर तोच चढउतार ब्लँकवर कोरत जाते. यात मोजमाप कुठेच नाही. गाईडला जे लागेल ते ब्लँकवर उतरते: खाच, खाचेची झीज, कोपऱ्यांचा गोलावा. खाचेत मळ बसला असेल तर गाईड तळापर्यंत पोचत नाही आणि नकलेतली खाच उथळ राहते. चावी पकडीत जरा पुढे-मागे बसली तर सगळ्याच खाचा सरकतात. गाडीच्या बऱ्याच चाव्यांना घराच्या चावीसारखा खांदा, म्हणजे चावी जिथे अडून थांबते तो कंगोरा, नसतो, त्या टोकावरून जुळवाव्या लागतात, त्यामुळे ही चूक पटकन होते. अशा नकलेची पुढे नक्कल काढली की आधीच्या चुकांत नव्या चुकांची भर पडते.

लॉकच्या आत काय होते ते एकदा डोळ्यांनी पाहायला हवे. गाडीच्या लॉकमध्ये बहुधा पातळ पितळी पत्र्या असतात, प्रत्येकीला इवलीशी स्प्रिंग. योग्य चावी आत गेली की प्रत्येक पत्री आपापल्या खाचेवर बसते, सगळ्या पत्र्या नळकांड्याच्या, म्हणजे चावी ज्यात जाते त्या फिरत्या भागाच्या, अंगाबरोबर सपाट होतात आणि नळकांडे फिरते. हे नळकांडे गाडीतून काढून हातात घ्या, त्यात झिजलेली चावी घाला आणि उजेडापुढे आडवे धरा. बाकीच्या पत्र्या सपाट दिसतात, एखादी केसभर वर राहिलेली असते. बोट फिरवले की टोचते. गाडीत बसून चावी थोडी मागे ओढून, हलवून, जोर लावून फिरवावी लागते ती या एका पत्रीमुळे. आता याच चावीची नक्कल घालून पाहा, अशा दोन-तीन पत्र्या सापडतील. त्यात ब्लँक हलक्या, मऊ धातूची असेल तर ती लवकर झिजते, जोर लावला की पिळते आणि एक दिवस सगळ्यात खोल खाचेपाशी तुटून अर्धी आतच राहते. मग इग्निशनचे लॉक खोलावे लागते. चावीच्या कामात वाचवलेले पैसे तिथे कित्येक पटींनी जातात.

यावरचा उपाय अवघड नाही. खाचांची खोली कारखान्यात मनाला येईल तशी ठेवलेली नसते. चावीवर ठरावीक अंतरावर ठरावीक जागा असतात आणि प्रत्येक जागेला मोजक्याच पातळ्या, बहुधा चार ते सहा. दोन पातळ्यांमधला फरक साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे चावी ही मुळात आकड्यांची एक ओळ आहे. समजा एखादी खाच झीज होऊन ०.१५ मिलिमीटरने खाली गेली आहे. नक्कल करणारे यंत्र ती तशीच उतरवते. तीच खाच कॅलिपरने, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या साधनाने, मोजली तर ती कोणत्या पातळीच्या जवळ आहे हे स्वच्छ कळते, आणि त्या पातळीवर नवी चावी कापली की झीज पुसली जाते. सरावलेल्या हाताला हे साध्या साधनांनीही जमते, आणि संगणकावर चालणारी यंत्रे चावीवरून सुई फिरवून पातळ्या स्वतःच वाचतात. झीज दोन पातळ्यांमधल्या अंतराच्या निम्म्याच्या पुढे गेली की मात्र अंदाज चुकू लागतो. म्हणून चावी अडायला लागण्याआधीच हे काम करून घ्यायला हवे.

मोजण्याचीही गरज पडू नये अशी सोय बऱ्याच गाड्यांबरोबर आलेली असते. नव्या चाव्यांच्या जुडग्यात धातूचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा बिल्ला असतो, त्यावर काही अक्षरे-आकडे. तो चावीचा कोड. योग्य तक्त्यात तो पाहिला की प्रत्येक खाचेची पातळी मिळते आणि एकही मूळ चावी हातात नसताना नवी, कारखान्यातल्यासारखी चावी कापता येते. इतक्या मोलाची वस्तू लोक पहिल्याच दिवशी कडीतून काढून फेकून देतात, कारण ती काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. याचे मला मनापासून वाईट वाटते.

कोडच्याही मर्यादा आहेत. जुन्या गाडीचे लॉक आधी कोणी बदलले असेल तर बिल्ला आणि लॉक जुळत नाहीत. लॉकमधल्या पत्र्याही फार झिजल्या असतील तर कोडवरून कापलेली नवी चावी सुरुवातीला घट्ट वाटते, कधी फिरतही नाही, आणि तेव्हा दुरुस्ती लॉकचीच करावी लागते. शिवाय अनेक गाड्यांत दाराचे आणि इग्निशनचे लॉक चावीच्या सगळ्याच खाचा वापरत नाहीत. दार उघडले एवढ्यावर समाधान मानू नका. दार, डिकी, इग्निशन सगळीकडे चावी फिरवून पाहा, आणि दोन्ही बाजूंना खाचा असतील तर उलटी घालूनही पाहा.

चिपबद्दल थोडक्यात. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे चावीची ओळख पटल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा, सक्तीचा झाला आणि आता तो बहुतेक गाड्यांत असतो. चावीच्या मुठीतल्या चिपला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवतीच्या वेटोळ्यातून, अनेकदा १२५ किलोहर्ट्झच्या लहरींवर, तिला ऊर्जा मिळते आणि ती आपली ओळख पटवते. ती ओळख पटली नाही तर नुसती कापलेली चावी दार उघडते, पण इंजिन चालू होत नाही किंवा होऊन लगेच बंद पडते. म्हणून चिपची चावी करताना आधी खाचा सगळ्या लॉकमध्ये तपासाव्यात, मगच चिप गाडीत नोंदवावी. काही चिप एका गाडीला जोडल्या की दुसरीकडे चालत नाहीत. चावी हरवली असेल तर तिची नोंद गाडीतून काढून टाकायलाही आवर्जून सांगा.

कोड म्हणजेच चावी, म्हणून तो चावीइतकाच जपला पाहिजे. बिल्ला गाडीच्या कप्प्यात ठेवू नका. नव्या गाडीची चावी हातात धरून काढलेले फोटो लोक हौसेने सगळीकडे टाकतात, त्यांना माझी विनंती आहे की खाचा दिसतील असा फोटो टाकू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी २००८मध्ये घराच्या चाव्यांचे दुरून काढलेले फोटो संगणकाला वाचायला लावून खाचांच्या पातळ्या ओळखून दाखवल्या होत्या. आमच्या कामातल्या मंडळींनीही गाडीची कागदपत्रे आणि आणणाऱ्याचे ओळखपत्र पाहिल्याशिवाय कोडवरून चावी कापू नये. गिऱ्हाईक रागावले तरी चालेल.

माझे मागणे दोन जणांकडे आहे. गाडी विकणाऱ्यांनी, मग गाडी नवी असो वा जुनी, ताबा देताना कोडचा बिल्ला मालकाच्या हातात द्यावा, तो कशासाठी आहे हे दोन वाक्यांत सांगावे आणि दिल्याची नोंद कागदावर करावी. बिल्ला नसेल तर तेही लिहून द्यावे. आणि चावी करणाऱ्यांनी यंत्र सुरू करण्याआधी ‘न वापरलेली चावी घरी आहे का?’ एवढे विचारावे, आणि चावी कोडवरून कापली की दुसऱ्या चावीवरून उतरवली, हे पावतीवर लिहावे. पुढच्या वेळी चावी करायला आलेल्या माणसाला ती पावती उपयोगी पडेल, आणि त्याची चावी करणाऱ्यालाही.

आपला नम्र,
चावीचे काम करणारा एक वाचक