आक्कांच्या टेबलावर बसण्याआधी

सांगली

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

आक्का ज्या टेबलावर म्हाताऱ्यांचे पेन्शनचे आणि पोटगीचे अर्ज करून द्यायच्या, तिथं त्यांच्या माघारी आता दर मंगळवारी तू बसणार, हे ऐकून फार बरं वाटलं. फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. शोकसभेत आक्कांविषयी पुष्कळ बोललं गेलं. मोर्चे, धरणी, निराधार बायकांसाठी घेतलेली भांडणं, सगळं खरं आहे. पण म्हातारी माणसं दुसरीकडे न जाता त्यांच्याचकडे का यायची, ते भाषणांत आलं नाही. आक्कांकडे आलेल्या माणसाला त्याच कामासाठी दुसरी खेप पडत नसे. तेवढ्यासाठीच ती माणसं यायची.

खेप म्हणजे काय, ते आधी लक्षात घे. एसटीत 75 वर्षांच्या पुढच्यांना तिकीट नाही आणि 65 ते 75 मधल्यांना अर्धं. म्हणजे म्हातारीचं येणं स्वस्त झालं, पण तिला हाताला धरून आणणाऱ्या सुनेचा किंवा नातवाचा रोज बुडतो. दोनदा रोज बुडला की तिसऱ्यांदा घरात कोणी नेईना होतं आणि अर्ज तिथंच मरतो. नामंजूर झालेल्या अर्जांपेक्षा असे अर्ध्यात सुटलेले अर्ज आक्कांच्या मनाला जास्त लागायचे. म्हणून समोर माणूस बसला की आधी त्याला पाणी द्यायचं, मग सगळे कागद टेबलावर मांडायला लावायचे आणि अर्जाला हात लावण्यापूर्वी ते एकमेकांशी ताडून बघायचे.

ताडायचं काय, तर नाव आणि जन्मतारीख. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मतदार ओळखपत्र या चारही ठिकाणी नाव सारखं हवं. बायकांच्या बाबतीत एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर नुसतंच ‘बाई’ लावलेलं, हे नेहमीचं आहे. जन्मतारखेचा घोळ त्याहून मोठा. आधार काढताना ज्यांच्याजवळ दाखला नव्हता, त्यांना अंदाजानं वर्ष विचारून 1 जानेवारी घातलेली असते. सत्तरीची बाई कागदावर साठीची निघते आणि श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनसाठी वय भरत नाही. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, त्यामुळे पुरावा हातात नसताना घाईनं केंद्रावर पाठवू नकोस. आधी जुन्या शाळेत नाव सापडतंय का बघ. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं नाव जनरल रजिस्टरला असतं आणि तिला स्वतःला ते आठवत नसतं.

योजना कोणती, हे ठरवतानाही लोक चुकतात. 65 पूर्ण असतील तर श्रावणबाळ. त्याहून कमी वय असेल आणि बाई विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता असेल, तर संजय गांधी निराधार. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन जोडलं जातं. त्यात केंद्राचा वाटा 200 रुपये आणि ऐंशीनंतर 500, बाकीची भर राज्याची. हातात महिन्याला 1,500 पडतात. 2023 च्या जुलैआधी ते 1,000 होते. कागद लागतात ते असे : वयाचा पुरावा, राज्यात 15 वर्षं राहत असल्याचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक, फोटो आणि विधवा असेल तर नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. हा शेवटचा कागद सगळ्यांत जास्त अडतो, कारण जुन्या मृत्यूंची नोंदच कुणी केलेली नसते. दाखल्यांसाठीचं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं, त्याला मुद्रांक लागत नाही. तरी कचेरीबाहेर बसलेला माणूस स्टॅम्पपेपर घ्यायला लावतो. आक्का एवढ्या एका गोष्टीवर आवाज चढवायच्या. अर्ज दिल्यावर पोचपावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. सेवा हक्क कायद्यात उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवसांची मुदत आहे, पण पावतीवर तारीखच नसेल तर ती मोजणार कुठून?

उत्पन्नाची अट वर्षाला 21,000 आहे. ही अट अन्यायाची आहे आणि ते बोलून दाखवायला लाजू नकोस. रोजगार हमीचा 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. घरातल्या एकानं 68 दिवस काम केलं की 21,000 पार होतात. म्हणजे वर्षातले दहा महिने घर बेकार राहिलं, तरच घरातली म्हातारी निराधार ठरायची. असंघटित कष्टकऱ्यांना म्हातारपणी हक्काची पेन्शन हवी, ती किमान वेतनाच्या निम्मी तरी हवी, ही मागणी हमालांचे नेते बाबा आढावांनी आणि पेन्शन परिषदेनं 2012 पासून लावून धरली. आक्का त्याच वाटेच्या. हळदीच्या पेठेत पोती उचललेला हमाल, ऊसतोडीत कंबर मोडलेली बाई, यांना मिळतं ते दान नाही, राहिलेली मजुरी आहे, असं त्या मानायच्या. अर्ज लिहितानासुद्धा ‘कृपा करून मंजूर व्हावा’ असं लिहू द्यायच्या नाहीत, ‘मी पात्र आहे, मंजूर करावा’ असं लिहायला लावायच्या.

मंजुरीनंतर पैसे थांबले म्हणून येणारे निम्मे लोक एकाच कारणानं येतात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात आणि जे खातं शेवटी जोडलं गेलं तेच धरलं जातं. गावात कुणी शिबिर लावून नवीन खातं उघडून दिलेलं असतं, म्हातारीनं अंगठा दिलेला असतो, आणि त्या दिवसापासून पैसे तिकडे पडत असतात. ती मात्र जुनं पासबुक घेऊन रांगेत उभी. म्हणून आधी आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडलेली दिसते ते बघ आणि मगच तहसीलची चौकशी कर. दुसरं कारण हयातीच्या दाखल्याचं. दरवर्षी 1 जानेवारी ते 31 मार्च यांत तो द्यावा लागतो. आक्का डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच वहीतली यादी काढून एकेकाला निरोप धाडायच्या.

त्यांची काळी रेक्झिनची पिशवी आता तुझ्याकडे आली आहे. त्यात शाईचा पॅड, दोन निळे पेन, भिंग, टाचण्या, पंचा आणि व्हॅसलिनची चपटी डबी असेल. ती डबी तशीच राहू दे. भांडी घासून, खुरपून, पाचट ओढून बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा घेत नाही. मग रेशनचा दुकानदार म्हणतो, आजी, उद्या या. अशा वेळी हात कोमट पाण्यानं धुवायचे, पंच्यानं पूर्ण कोरडे करायचे, बोटाच्या पेराला व्हॅसलिनचा नुसता स्पर्श करायचा आणि लगेच पुसून टाकायचं. जास्त लावलं तर काच तेलकट होते आणि पुढच्या माणसाचाही ठसा येत नाही. बोट काचेवर दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, कारण दाबलं की रेषा पसरतात. अंगठा चालला नाही तर दहाही बोटं लावून बघ. मधलं बोट पुष्कळदा चालतं. कागदावरच्या अंगठ्याची रीत वेगळी. नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच हळू फिरवायचा, शेजारी ‘निशाणी डावा अंगठा’ लिहून पूर्ण नाव घालायचं, आणि ज्यानं मजकूर वाचून दाखवला त्याची सही खाली घ्यायची. वाचून दाखवल्याशिवाय कुणाचाही अंगठा घ्यायचा नाही. इथं आक्का जवळच्या माणसालाही सूट देत नसत.

कारण अंगठ्यानंच सगळं जातं. आपल्याकडे म्हाताऱ्यांचं घर आणि रान जास्त करून दोन कागदांनी जातं, बक्षीसपत्र आणि हक्कसोडपत्र. मुलाच्या नावे बक्षीसपत्र करायला मुद्रांक नाममात्र पडतो, म्हणून ‘तुझ्या माघारी खर्च कशाला, आत्ताच करू’ असं समजावलं जातं. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 असं आहे, की सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द करता येतं. अडचण अटीची आहे. ती अट सिद्ध व्हावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये म्हटलं. जानेवारी 2025 च्या निकालात कायद्याचा अर्थ म्हाताऱ्यांच्या बाजूनं उदारपणे लावायला सांगितलं. तरीही आपण निकालावर विसंबायचं नाही. कागद होण्याआधी कुणी विचारायला आलं तर दोन गोष्टी सांग. पहिली, जिवंतपणी देऊच नका, मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात आणि मन बदललं तर तेही बदलता येतं. दुसरी, द्यायचंच असेल तर अन्न, वस्त्र, औषध आणि राहायला खोली या चार गोष्टी देण्याच्या अटीवर दिलं, असं वाक्य त्या कागदातच घाला.

नवरा गेल्यावर वारसनोंदीच्या वेळी विधवेचं नाव गाळलं जातं, तेही बघत जा. मुलांइतकाच तिचाही वाटा असतो. फेरफाराची नोटीस निघाली की हरकत घ्यायला 15 दिवस मिळतात, आणि ते दिवस नेमके सुतकात जातात. शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 4 मे 2022 ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आक्कांना मनापासून आनंद झाला होता. पण बायकांच्या बैठकीत त्या बांगड्यांबरोबर सातबाराही विचारायच्या. तू पण विचार.

आता याच 2007 च्या कायद्याखालचं न्यायाधिकरण. पोटगीचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे जातो. साठ पूर्ण झालेल्या कुणालाही आणि आई-वडील असतील तर वयाची अट न घालता अर्ज करता येतो. स्वतः जाता येत नसेल तर नेमून दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. कलम 17 प्रमाणे वकील लागत नाही, त्यामुळे अर्ज साध्या मराठीत एका पानाचा पुरतो. मुलं किती, कुठं, काय करतात, त्यांचे पूर्ण पत्ते, आणि महिन्याचा खर्च रुपयांत : औषध इतकं, धान्य इतकं, वीज इतकी. बहुतेक अर्ज इथंच कच्चे राहतात. पानभर गाऱ्हाणं असतं आणि आकडा एकही नसतो. मग साहेब अंदाजानं दोन हजार लिहितात. औषधांच्या तीन महिन्यांच्या पावत्या जोड. पोटगीची कमाल मर्यादा महिन्याला 10,000 आहे. सगळ्या मुलांना सामनेवाले कर, म्हणजे अर्ज सगळ्यांविरुद्ध टाक, मुलींविरुद्धही. म्हातारी लेकीचं नाव घालू देत नाही, पण एकट्या मुलावर अर्ज टाकला तर तो बाकीच्यांना त्यात ओढतो आणि तारखा वाढतात. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल हवा, फार तर आणखी 30. आधी समेटासाठी पाठवतात. समेट झाला तर रक्कम, तारीख आणि खातं क्रमांक लिहून घे, ‘नीट सांभाळीन’ एवढ्यावर सोडू नकोस. अपील 60 दिवसांत, जिल्ह्याच्या अपील न्यायाधिकरणाकडे. एकाच मागणीसाठी फौजदारी न्यायालयात पोटगीचा अर्ज आणि हा अर्ज असे दोन्ही चालत नाहीत, दोन्हींतला एक निवडावा लागतो. म्हणून आधी कुठं केस टाकली आहे का, ते विचारून घे.

पुराचं थोडक्यात सांगते. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा माणसं वाचली पण पेट्यांतले कागद गेले. भिजलेला कागद इस्त्री करायचा नाही आणि लॅमिनेशनही करायचं नाही. शिक्का फुटतो आणि आत ओल राहून कागद काळा पडतो. सुती कापडावर सावलीत वाळवायचा आणि नंतर झेरॉक्स काढून ठेवायची. मेअखेरीला नदीकाठच्या सगळ्यांना कागद प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून उंचावर ठेवायला सांगून ठेव.

एक काम मात्र लगेच करायचं आहे. आक्कांच्या वहीत शेवटच्या पानावर एका आजींच्या पोटगीची नोंद आहे. आदेश झाला, चार महिने पैसे आले, मग मुलानं बंद केले. थकलेल्या रकमेसाठी वॉरंट निघतं, न भरल्यास महिन्यापर्यंत कैदही होते, पण त्यासाठी रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज पडावा लागतो. पहिल्या थकलेल्या महिन्याची मुदत येत्या शुक्रवारी संपते. आजींना आणायची गरज नाही. आक्कांनी त्यांचं अधिकारपत्र अंगठ्यासह करून ठेवलं आहे, ते पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहे. आदेशाची प्रत, पासबुकाची झेरॉक्स आणि थकबाकीचा महिनावार तक्ता जोड. मंगळवारी टेबल मांडण्याआधी तो अर्ज देऊन पोचपावती घे, आणि तारीख वहीत त्याच नोंदीखाली लिही.

तुझी,
आई